सोलापुरात राहून भूगोल शिकायला सुरुवात कशी करावी

आठवीतल्या एका मुलीने मला वर्गात विचारलं होतं, "बाई, पाऊस तर दसऱ्यापर्यंत संपतो. मग आमच्या रानातला शाळू कशावर येतो?" शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी. तिच्या घरची चार एकर जमीन दक्षिण सोलापूर तालुक्यात. रोज डोळ्यांसमोर दिसणाऱ्या गोष्टीचा तिला हिशेब लागत नव्हता. तो हिशेब लावायचा तर पाऊस समजून घ्यावा लागतो, माती समजून घ्यावी लागते, मातीखालचा खडक समजून घ्यावा लागतो, आणि शेवटी ती भाकरी खाणारी माणसं या मुलखात टिकली कशी तेही बघावं लागतं. यातलं पहिलं तिन्ही प्राकृतिक भूगोलात येतं, शेवटचं मानवी भूगोलात. पुस्तकात हे दोन वेगळे विभाग असतात. रानात ते वेगळे सापडत नाहीत.

सहावी ते दहावीची जी मुलं भूगोल पाठ करून कंटाळली आहेत, त्यांच्यासाठी आणि त्यांना घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी हे लिहिते आहे. सामान फार लागत नाही: एक वही, एक सरळ काठी, मोजपट्टी किंवा टेप, दोरा, कोनमापक, आणि दोन-तीन रिकाम्या बाटल्या. क्रम मी देते तसाच ठेवा, कारण पुढच्या पायरीला मागचीचा आधार लागतो.

पायरी १ : दुपारची सावली

सुरुवात सूर्यापासून करा. काठी जमिनीत अशी रोवा की जमिनीच्या वर ती बरोबर एक मीटर राहील. दोऱ्याला दगड बांधून ओळंबा करा आणि काठी खरंच उभी आहे का ते दोन बाजूंनी बघा. काठी जराशी कलली तरी पुढचं सगळं चुकतं. मग दुपारी बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करा आणि शेजारी वेळ लिहा. पाऊण तास तरी थांबा.

बहुतेक मुलांना वाटतं की ठीक बाराला सावली सर्वांत लहान होईल. ती होत नाही. सोलापुरात सर्वांत आखूड सावली पडते ती वर्षभराच्या सरासरीने १२ वाजून २६ मिनिटांच्या आसपास. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती १२.१० च्या सुमारास पडते, फेब्रुवारीत १२.४० च्या सुमारास. कारण साधं आहे. आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेली आहेत आणि सोलापूर आहे सुमारे ७५.९ अंशांवर. फरक ६.६ अंशांचा. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणजे सूर्य आपल्या डोक्यावर सुमारे २६ मिनिटं उशिरा येतो. 'प्रमाण वेळ' आणि 'स्थानिक वेळ' हा धडा अनेकांना वर्षानुवर्षं कळत नाही. खडूच्या आठ-दहा खुणा केल्या की तो एका दुपारी कळतो.

सर्वांत आखूड सावलीची रेघ म्हणजे तुमच्या अंगणातली उत्तर-दक्षिण रेषा. ती पक्क्या रंगाने आखून ठेवा, पुढे नकाशाला लागेल.

आता अक्षांश. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास, आकाश मोकळं असेल तर हीच सावली मोजा. एक मीटर काठीची सावली साधारण ३२ सेंटिमीटर भरेल. वहीत १० सेंटिमीटरची उभी रेघ आणि तिच्या तळाशी काटकोनात ३.२ सेंटिमीटरची आडवी रेघ काढा, टोकं जोडा, आणि वरच्या टोकाचा कोन कोनमापकाने मोजा. तो १७ आणि १८ अंशांच्या मध्ये येईल. हा सोलापूरचा अक्षांश: सुमारे १७ अंश ४० मिनिटं उत्तर. अॅटलासमध्ये छापलेला आकडा तुम्ही स्वतःच्या हाताने काढलेला असतो, आणि असा आकडा परीक्षेत विसरत नाही.

आणखी एक दिवस चुकवू नका. १०-११ मेच्या सुमारास सूर्य सोलापूरच्या बरोबर माथ्यावर येतो आणि साडेबाराच्या थोडं आधी काठीची सावली नाहीशी होते. ऑगस्टच्या २-३ तारखेलाही असंच होतं, पण तेव्हा बहुधा ढग असतात. या दोन तारखांच्या मधल्या काळात भर दुपारची सावली दक्षिणेकडे पडते, एरवी उत्तरेकडे. सूर्य कर्कवृत्तापर्यंत जाऊन परत येतो म्हणजे काय, हे सावलीच्या या उलट्या दिशेवरून समजतं.

पायरी २ : नकाशा आधी स्वतः काढा

आधी तुमच्या गल्लीचा नकाशा काढा. शंभर पावलं चाला, अंतर टेपने मोजा, भागाकार करून एका पावलाची लांबी काढा. मग घरापासून शाळेपर्यंतची पावलं मोजा. वहीवर एक सेंटिमीटर म्हणजे पन्नास मीटर असं प्रमाण धरा, अंगणातल्या रेषेवरून उत्तर ठरवा, आणि वळणं, देऊळ, हातपंप, किराणा दुकान मांडत जा. प्रमाण, दिशा, चिन्हं आणि सूची ही नकाशाची चार अंगं यातच येऊन जातात.

त्यानंतर भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलनिर्देशक नकाशा बघा. जुन्या क्रमांकांनुसार सोलापूर शहर ४७ ओ/१४ या पत्रकावर येतं. १:५०,००० प्रमाण म्हणजे नकाशावरचे दोन सेंटिमीटर जमिनीवरचा एक किलोमीटर. तपकिरी रेषा समोच्चतादर्शक, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या. एका रेषेपासून पुढच्या रेषेपर्यंत उंचीत २० मीटरचा फरक. या रेषा सोलापूरभोवती एकमेकींपासून लांब लांब दिसतील, कारण जमीन सपाट आहे. समुद्रसपाटीपासून शहराची उंची साधारण साडेचारशे ते पावणेपाचशे मीटर.

एक बारकावा मुद्दाम बघा. बारमाही पाणी निळ्या रंगात दाखवतात आणि पावसाळ्यापुरते वाहणारे ओढे काळ्या रेषेत. आपल्याकडच्या पत्रकांवर काळ्या रेषांचं जाळंच्या जाळं दिसतं. मुलखातल्या पाण्याची परिस्थिती नकाशाने एका रंगात सांगून टाकलेली असते.

पायरी ३ : काळी

शाळू निघून रान मोकळं झालं की, मार्च-एप्रिलमध्ये, मालकाला विचारून एखाद्या काळ्या रानात जा. जमीन फाटलेली दिसेल. ज्वारीचं वाळलेलं धाट घ्या, भेगेत सरळ सोडा, अडेल तिथे बोटाने धरून वर काढा आणि मोजा. कोपरापर्यंत हात जाईल एवढी भेग भारी रानात नवलाची नाही. चार-पाच ठिकाणी मोजा, रुंदीही लिहा.

मग त्याच रानातलं एक ढेकूळ घरी आणा. वाळलेलं असताना ते दगडासारखं असतं. पाण्याचे चार थेंब टाकून मळा, ते लोण्यासारखं होतं आणि बोटांना चिकटतं. या मातीतल्या चिकणमातीच्या कणांच्या थरांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतात आणि पाणी गेलं की आकसतात. ती आकसली की भेगा पडतात.

दुसरी तपासणी बाटलीची. बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, झाकण लावून खळखळून हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते, तिच्यावर गाळ काही तासांत, आणि चिकणमातीचं गढूळ पाणी दुसऱ्या दिवशीही निवळलेलं नसतं. शेजारच्या बाटलीत माळावरची मुरमाड माती टाकून बघा. दोन बाटल्या शेजारी ठेवल्या की मातीचे प्रकार पाठ करावे लागत नाहीत.

ही माती आली कुठून? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वाहत आला आणि थरावर थर थंड होत गेले. त्याचा खडक म्हणजे बेसाल्ट, आपला काळा पाषाण. नवी विहीर खणताना संधी मिळाली तर काठावरून, मोठ्या माणसाचा हात धरून, आत बघा: वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली कठीण खडक. कुठे कुठे गोल धोंड्यांवरून कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले दिसतात. खडक हवा-पाण्याने कुजत कुजत माती होते. याला विदारण म्हणतात.

पुस्तकात या मातीला 'रेगूर' म्हटलेलं असतं. हा शब्द तेलुगूतल्या 'रेगडि'वरून आला. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या मुलांना तो घरीच ऐकायला मिळतो. वर्गात त्यांना उभं करून अर्थ सांगायला लावा.

आणि आता त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. मीटरभर खोल काळी माती पिकाला घेता येईल असं दीड-दोनशे मिलिमीटर पाणी पोटात धरून ठेवते. आपल्या जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो, म्हणजे रान तेव्हाच भरतं. वाफसा आला, म्हणजे जमीन पेरण्याजोगी ओलसर झाली, की पेरणी होते, आणि पीक त्या साठ्यावर आणि थंडीवर वाढतं. मधल्या काळात शेतकरी कोळपणी करतो. तण निघतं हा त्याचा अर्धाच उपयोग. वरची माती भुसभुशीत होऊन भेगा बुजतात आणि खालची ओल उडून जात नाही, हा दुसरा अर्धा. कोरडवाहू ज्वारीचा प्रसिद्ध मालदांडी वाण, एम ३५-१, आपल्याच मोहोळच्या संशोधन केंद्रातून पुढे आला. खोल काळ्या रानाच्या मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार का म्हणतात, हे यावरून तुम्हीच सांगा.

पायरी ४ : पाऊस मोजा

सरळ उभ्या कडांची बाटली वरून कापा, कापलेला भाग उलटा नरसाळ्यासारखा बसवा, बाहेरून मोजपट्टी चिकटवा. तळ सपाट नसेल तर शून्याच्या खुणेपर्यंत आधी पाणी भरा. झाडापासून आणि भिंतीपासून दूर ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला वाचन घ्या, हवामान खात्याची वेळ हीच. २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला तर तो 'पावसाचा दिवस' धरतात. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एवढं लक्षात ठेवा. दहा फूट बाय दहा फूट खोलीच्या छतावर ६०० मिलिमीटर पावसात साडेपाच हजार लिटरहून जास्त पाणी पडतं.

आपल्या जिल्ह्यात बहुतेक भागात वर्षाला साडेपाचशे ते सातशे मिलिमीटर पाऊस. महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाचे वारे सह्याद्री चढताना थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. उतरताना ते तापतात, कोरडे होतात. आपण त्या पर्जन्यछायेत आहोत.

पायरी ५ : नदी

नदीवर गेलात की आधी पाणी ज्या दिशेला जातं तिकडे तोंड करून उभे राहा. उजव्या हाताला उजवा काठ, डाव्या हाताला डावा. भीमेला नीरा आणि माण उजवीकडून मिळतात, सीना डावीकडून.

भीमा उगम पावते भीमाशंकरला आणि रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते. 'पाणलोट क्षेत्र', म्हणजे ज्या भागातलं पाणी वाहत नदीला येतं तो सगळा भाग, शिकवायला हिच्यासारखं उदाहरण नाही. आपल्याकडे आभाळ कोरडं असताना पंढरपूरला पूर येतो, कारण पाऊस पुणे जिल्ह्यातल्या घाटांत झालेला असतो. पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रातून भीमेवरच्या उजनी धरणाचा साठा आणि तुमच्या बाटलीतला पाऊस शेजारी शेजारी लिहा. दोन महिन्यांत दिसेल की धरण आपल्या पावसाने भरत नाही. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, २,८०० कोटी लिटरांहून जास्त.

पंढरपुरात भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिथे ती चंद्रभागा. भूगोलात याला नागमोडी वळण म्हणतात. वळणाच्या बाहेरच्या काठाला पाणी जोराने घासतं आणि आतल्या काठाला वाळू टाकतं. पुढच्या वेळी आजी-आजोबांबरोबर दर्शनाला गेलात की नदीकाठच्या वाळवंटात उभं राहून वाळू कुठे साचली आहे ते बघा आणि वहीत वळण काढा. पाण्यात मात्र मोठ्यांशिवाय उतरू नका.

सहल काढायचीच असेल तर हत्तरसंग कुडलला काढा. तिथे सीना आणि भीमा यांचा संगम आहे, दोन नद्यांच्या पाण्याचा रंग वेगळा आहे का ते बघता येतं, आणि संगमेश्वराच्या देवळात इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. हजार वर्षांपूर्वी माणसांनी देऊळ बांधायला नेमकी हीच जागा का निवडली असेल, असा प्रश्न वहीत लिहा. तिथून मानवी भूगोल सुरू होतो.

पायरी ६ : पांढरी

जुन्या माणसांच्या बोलण्यात गावाचे दोन भाग असतात: काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गावठाण. वस्तीचा भूगोल या दोन शब्दांत आहे. चांगली काळी जमीन पिकाला सोडायची आणि राहायचं पांढऱ्या मातीच्या उंचवट्यावर. गावात गेलात की माळवदाची घरं शोधा: सपाट छत, लाकडावर मातीचा जाड थर. पाऊस कमी म्हणून सपाट छत चालतं, ऊन फार म्हणून मातीची जाडी लागते. कोकणातलं उतरतं कौलारू छत आठवा आणि दोन्ही चित्रं शेजारी काढा.

पायरी ७ : माणसं इथे का आली

इथे घाई करू नका. मुलं बहुतेक वेळा लिहितात, 'काळी माती, म्हणून कापूस, म्हणून कापड गिरण्या, म्हणून चादरी.' साखळी छान दिसते, पण अपुरी आहे. काळी माती शेजारच्या कितीतरी जिल्ह्यांत आहे. सोलापूरला मुंबईहून रेल्वे आली १८६० मध्ये आणि पहिली गिरणी, जिला आपण जुनी मिल म्हणतो, सुरू झाली १८७७ मध्ये. मधल्या काळात आणि नंतरही तेलंगणातून पद्मशाली विणकर येत राहिले आणि हातातली कला घेऊन आले. १८७६-७८ च्या दुष्काळात गावं सोडून कामाच्या शोधात निघालेली माणसंही होती. माल आणणारी-नेणारी रेल्वे, विणणारे हात आणि काम शोधणारी माणसं, या तिन्ही गोष्टी मातीशी जोडल्याशिवाय सोलापूर उभं राहत नाही.

निसर्ग सगळं ठरवतो असं मानणाऱ्या विचाराला निसर्गवाद म्हणतात. निसर्ग शक्यता देतो आणि निवड माणूस करतो, हा संभववाद. मला दुसरा पटतो. शाळू मातीने ठरवला असं म्हणता येईल, पण साडेपाचशे मिलिमीटरच्या मुलखात ऊस मातीने आणलेला नाही. तो धरणाने, कालव्याने आणि कारखान्याने आणला.

याचा एक सुंदर अभ्यास करता येतो. आपल्या जिल्ह्यातल्या चार गोष्टींना भौगोलिक मानांकन, म्हणजे ती वस्तू त्याच ठिकाणची अशी कायदेशीर ओळख, आहे: सोलापुरी चादर, सोलापुरी टॉवेल, सोलापूरचं डाळिंब आणि मंगळवेढ्याची ज्वारी. मधोमध रेघ मारून दोन रकाने करा, 'जमिनीमुळे' आणि 'हातामुळे'. डाळिंब कोणत्या रकान्यात, यावर वर्गात वाद होऊ द्या. त्याला हलकी, निचऱ्याची जमीन आणि कोरडी हवा मानवते, जिथे ज्वारीही नीट येत नव्हती. पण ठिबकची नळी अंथरणारा हात नसता तर तेही आलं नसतं.

मग घरातली पाहणी. दहा घरांत तीन प्रश्न विचारा: घरात कोणती भाषा बोलता, आजोबा कुठून आले, ते काय काम करत होते. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एका गल्लीत ऐकू येतात. अक्कलकोटकडे गेलात की कन्नड वाढत जाते. राज्याची सीमा ही रेघ असते, भाषेची सीमा पट्टा असतो. उत्तरं नकाशावर मांडली की ते दिसतं. विचारताना नम्रपणे विचारा, आणि कुणाला सांगायचं नसेल तर तो प्रश्न सोडून द्या.

पायरी ८ : आकडे

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४३,१७,७५६ आणि क्षेत्रफळ १४,८९५ चौरस किलोमीटर. भागाकार करा: चौरस किलोमीटरला सुमारे २९० माणसं. राज्याची घनता तेव्हा ३६५ होती. पण त्या ४३ लाखांतले साडेनऊ लाख एकट्या सोलापूर शहरात होते. शहर वगळून पुन्हा भागाकार केलात की सरासरी काय लपवते ते कळेल.

पायरी ९ : उत्तर लिहिताना

'भौगोलिक कारणे लिहा' हा प्रश्न हमखास येतो. उत्तरात आधी कारण, मग ते कसं घडतं, मग परिणाम, आणि शक्य असेल तिथे स्वतः मोजलेला आकडा. 'अनुकूल हवामान' हे दोन शब्द लिहून थांबू नका. कोणासाठी अनुकूल, किती पाऊस, कोणत्या महिन्यात, ते लिहा.

त्या मुलीने वर्षअखेरीस लिहिलेलं उत्तर असं होतं: "आमच्या भागात पाऊस कमी पडतो व तो मुख्यतः सप्टेंबरमध्ये पडतो. काळी माती फुगून ते पाणी धरून ठेवते. म्हणून पाऊस संपल्यावर पेरलेला शाळू त्या ओलीवर येतो. उन्हाळ्यात ओल संपते, माती आकसते व रानाला भेगा पडतात." मी तिला एवढंच वाढवायला सांगितलं: तिने मोजलेल्या भेगेची खोली, आणि मोजली ती तारीख.